एकोणीस दिवसांची सपाट रेघ

११ मे
तळ्यातल्या मोजपट्टीवर आज १७१ सेंटिमीटर. गेल्या वर्षी याच दिवशी ९४ होतं. सव्वीस वर्षांच्या वह्या काढून बसलो. मे महिन्यात पाणी शंभराच्या वर एकदाही गेलेलं नाही.

त्याहून वाईट आहे तो पायथ्याचा झरा. हिमनदीने आणून टाकलेल्या दगडगोट्यांचा बांध तळ्याला अडवून आहे, आणि त्याच्या पोटात बर्फ आहे. तळ्याचं पाणी त्या पोटातूनच वाट काढतं आणि खाली झरा होऊन बाहेर पडतं. तळं चढलं की झरा फुगतो, हे मी पहिल्या वर्षापासून बघतोय. यंदा तळं चढतंय आणि झरा बारीक होतोय. आतली वाट बुजली आहे. कोंडलेलं पाणी कायम कोंडून राहत नाही.

सरकारी वहीत हे लिहायला जागा नाही. तिथे तीन रकाने: तारीख, पाणी, हवा. म्हणून ही वेगळी वही.

खालच्या माळावर अकरा घरांचे तंबू महिनाअखेरीस लागतील. सोळा जूनला तिथेच घोड्यांच्या शर्यतींचा मेळा आहे. बाहेरून पाचशे माणूस येणार म्हणतात.

१२ मे
जिल्ह्याच्या गावी जाऊन आलो. तळ्याबद्दलची माझी तिन्ही पत्रं कारकून बाईच्या टेबलावर एकावर एक होती. वर तिचा चहाचा पेला.

"आजोबा, जिल्ह्याची समिती आता कागद वाचत नाही. सहा जूनला बैठक आहे. प्रत्येकाला पंधरा मिनिटं. स्लाइड्स घेऊन या."

"कसल्या स्लाइड्स?"

"पडद्यावर दाखवायच्या. कंप्युटरवर करतात. ग्रंथालयात बुरुलताई शिकवतात, फुकट शिकवतात."

मी टोपी घातली आणि बाहेर पडलो. अख्ख्या जिल्ह्यात हे शिकवायला दुसरं कुणी मिळालं नाही.

बुरुल माझी मेहुणी. माझी बायको नुरिपा गेली, तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात, सगळी पंगत ऐकत असताना ती म्हणाली होती, "आठवडाभर आधी राजधानीला नेली असती तर ताई आज असती." मी उत्तर दिलं होतं. ते इथे लिहिण्यासारखं नाही. तीन वर्षं झाली, आम्ही बोललेलो नाही.

१५ मे
गेलो. दुसरा इलाज नव्हता.

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत सहा कंप्युटर. ती पुस्तकांना पुठ्ठे घालत बसली होती. मला बघून कात्री खाली ठेवली.

"या भावोजी. पाणी चढलंय ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"उगाच का तुम्ही माझ्या दारात याल?"

बोचलं. पण खुर्ची ओढून बसलो. दोन तासांत माउस धरायला शिकलो. म्हणजे बाण माझ्याकडे न बघता पळतो हे शिकलो. नव्या घोडीसारखं आहे. दाबून धरलं की बिथरतं. कोरी स्लाइड कशी आणायची, वर मथळा कुठे, खाली मजकूर कुठे, चुकलं तर मागे कसं जायचं, हे वहीत उतरवून घेतलं. मागे जायची सोय फार चांगली आहे. एरवी कुठे ती मिळत नाही.

१८ मे
तळं १७६.

माझं तिसरं पत्र पूर्णच्या पूर्ण एका स्लाइडवर टाइप केलं. चार तास लागले. मान आखडली, पण एकही चूक नव्हती. बुरुलने ते भिंतीवरच्या पडद्यावर लावलं आणि मला खोलीच्या शेवटच्या खुर्चीवर बसवलं.

"वाचा."

काहीच दिसेना. मुंग्यांची रांग.

"डोळे तपासायला हवेत माझे," मी म्हणालो.

"डोळे ठीक आहेत. समितीतली माणसंही तिथेच बसणार आहेत, आणि ती तुमच्याइतका वेळही देणार नाहीत. एका स्लाइडवर एकच गोष्ट. सहा ओळींच्या वर सातवी नको. बाकीचं तोंडाने सांगायचं."

"तोंडाने सांगायचं तर स्लाइड कशाला?"

"तुम्ही बोलता तेव्हा जमिनीकडे बघता. लोकांना बघायला काहीतरी हवं ना."

नुरिपाही हेच म्हणायची. दोघी बहिणींची जीभ एकाच सहाणेवर लावलेली.

२२ मे
तळं १८१. झऱ्याखाली बादली धरली. गेल्या महिन्यात जी बादली वीस मोजेपर्यंत भरत होती, तिला आज पंचेचाळीस लागले.

फोनवर फोटो काढले. बांध, झरा, मोजपट्टी, वरून दिसणारा माळ. आज ते स्लाइडवर घालायला शिकलो. कोपरा धरून ताणायचं, कड धरून नाही. कड धरली की तळं चेपून गटारासारखं दिसतं.

मग अक्षरं हलवण्याची युक्ती सापडली. 'धोका' हा शब्द मी वरून एकेका थेंबासारखा खाली पडेल असा केला. पाण्याला साजेसं वाटलं. नऊ वेळा लावून बघितला. बुरुलने एक कळ दाबून सगळे थेंब काढून टाकले.

"लोक शब्द पडताना बघत बसतील. तळं कोण बघणार?"

जाताना तिने एक पुडकं हातात दिलं. बोरसोक होते, तळलेले पिठाचे गोळे, अजून गरम. उरले असतील.

२५ मे
माळावर पहिला तंबू लागला. मामबेतचाच असणार. लहानपणी आम्ही एकाच बाकावर बसायचो आणि तेव्हापासून तो माझं काही ऐकत नाही. तो आणि त्याची बायको बातमा तंबूचे लोकरी नमदे ताणत होते. मी म्हणालो, यंदा वरच्या उतारावर लावा.

"वर? तिथे वारा घोडीची शेपटी उपटतो. आणि पाणी काय तू वरून आणून देणार?"

"पाणी आपल्या पायानेच येईल, मामबेत. सगळं एकदम."

"सव्वीस वर्षं तू येणार येणार म्हणतोस. तुझ्या तळ्यापेक्षा माझी सासू लवकर आली."

बातमा हसली. मग माझ्याकडे बघून हसायची थांबली, पण खुंटी ठोकत राहिली.

२८ मे
आज आलेख केला. वह्यांतले आकडे तक्त्यात भरायला पाच दिवस लागले. मी वाचायचो, बुरुल भरायची. मग तिने सांगितलेली कळ मी दाबली आणि सव्वीस वर्षं एकदम पडद्यावर उभी राहिली. दर उन्हाळ्यात डोंगर, दर हिवाळ्यात दरी. यंदाची रेघ सगळ्यांच्या वर, आणि खाली लाल रंगात, या वहीतल्या नोंदींवरून, झऱ्याची रेघ उतरत चाललेली. दोन रेघा दात विचकल्यासारख्या एकमेकींपासून फाकतात. हे बघून कुणीही उठून उभा राहील, असं वाटलं.

मग बुरुलने तीन वर्षांपूर्वीचा जुलै मोठा करून दाखवला.

तिथे रेघ आडवी आहे. पट्टी लावून मारल्यासारखी. एकोणीस दिवस.

ती उठली, चहाचं बघते म्हणाली आणि बाहेर गेली. अर्ध्या तासाने आली ती चहा न घेताच. तोंड धुऊन आली होती, केस ओले होते. माझ्याकडे बघितलं नाही. मला लबाड समजत असणार. बरोबरच आहे.

२९ मे
लिहून टाकतो.

त्या वर्षी सहा जुलैला मी तळ्याकाठच्या सरकारी झोपडीतून खाली आलो, कारण नुरिपाला उठता येईना. चोवीसला ती गेली. त्या एकोणीस दिवसांत मी एकदाही तळ्यावर गेलो नाही. सहाच्या सकाळी मोजपट्टीवर १४२ होतं. वहीत मी रोज १४२ लिहिलं. पाणी जुलैत एका जागी बसून राहत नाही. हे तळ्याची ओळख असलेल्या कुणालाही कळेल.

कागदावर ते दिसत नव्हतं. आकड्यांच्या गर्दीत लपलं होतं. या यंत्राने एका कळीत उघडं पाडलं.

समितीवर राजधानीहून एक म्हातारा भूगर्भवाला येणार आहे, रिनात गालिमोविच. त्याने आयुष्यभर अशीच तळी बघितली आहेत. त्याची नजर त्या रेघेवर गेली की माझे बाकीचे नऊ हजार आकडे गेले. आणि माळावर आज सात तंबू आहेत.

३० मे
मेळा भरवणारा मिर्लान घरी आला. तरुण, धंदेवाईक, पण माणूस वाटला तितका वाईट नाही. येताना बायकोकडून जाम घेऊन आला. मला थोरल्या भावाला म्हणतात तसं 'बाइके' म्हणतो. मेळ्यात मला पंच करणार आहे. पंचांना भरतकामाचा कोट देतात म्हणे.

"इशेनकुल बाइके, आपलं भांडण थोडंच आहे? तुम्ही तुमचं मांडा, मी माझं मांडतो. समिती ठरवेल."

त्याने माझ्या स्लाइड्स बघायला मागितल्या. मी पेन ड्राइव्ह दिली, ती त्याने काखेतल्या छोट्या कंप्युटरला लावली आणि सगळं फार कौतुकाने बघितलं, आलेख तर दोनदा. म्हणाला, सभागृहात त्याच्याच कचेरीतला कंप्युटर लावणार आहेत, तेव्हा माझी फाइल आधीच त्यात घालून ठेवतो, म्हणजे ऐनवेळी अडचण नको. मी बरं म्हणालो. त्याने फाइल उतरवून घेऊन पेन ड्राइव्ह लगेच परत केली. इतका विचार हल्ली कोण करतं.

१ जून
तळं १९६. झऱ्याची बादली भरायला ऐंशी मोजावे लागले.

ठरवलं होतं की त्या एकोणीस आकड्यांत थोडी हालचाल घालावी. इथे एक वाढवायचा, तिथे दोन. कुणाला कळणार नाही. कंप्युटरसमोर बसलो आणि पहिल्या चौकटीत १४३ टाइप केलं. पडद्यावर रेघ लगेच किंचित उचलली गेली. बोट तिथेच राहिलं.

बुरुल मागे उभी होती.

"काय करताय?"

"चूक दुरुस्त करतोय."

"भावोजी, मी दारात होते तेव्हा."

"कधी?"

"रोज. संध्याकाळी ताई डोळे उघडायची आणि विचारायची, आज पाणी किती? तुम्ही सांगायचात, एकशे बेचाळीस. ती म्हणायची, मग ठीक आहे. आणि झोपायची. तुम्ही तिच्यासमोर वही काढून लिहायचात. मी हातात दूध घेऊन दारात उभी असायचे. आत यायचा धीर होत नव्हता."

मला हे माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो.

"मग चाळिसाव्याला तसं का बोललीस?"

"कुणावर तरी ओरडायचं होतं. तुम्ही समोर होतात."

तिने खुर्ची ओढली आणि माझ्याशेजारी बसली.  मग मी ते १४३ पुसलं. १४२ ही पुसलं. एकेक करत एकोणीसही चौकटी रिकाम्या केल्या. रेघ तुटली आणि मध्ये पांढरी जागा राहिली.

"विचारतील," बुरुल म्हणाली.

"विचारू देत."

"नोकरी जाईल."

"तू फक्त आलेखाचं चित्र करून दे. उद्या परत इकडे तिकडे बोट जायला नको."

५ जून
तळं २०७. माळावर अकराही तंबू लागले. खालून पोरांचा आवाज वरपर्यंत येतो.

आज बुरुलने घड्याळ लावून सात वेळा बोलायला लावलं. पहिल्यांदा चाळीस मिनिटं, सातव्यांदा चौदा. घसा बसला.

६ जून
 क्रमाने लिहितो.

आधी मिर्लान. गरुड, घोडे, ढोल. शेवटी टाळ्या पडल्या. समितीच्या अध्यक्षा, कडक इस्त्रीतल्या बाई, त्यांनीही वाजवल्या. मग माझं नाव पुकारलं. मी पेन ड्राइव्ह पुढे केली तर मिर्लान म्हणाला, "कशाला बाइके, घातलेली आहे ना आधीच." मी म्हणालो, नंतर थोडं बदललंय, हीच लाव. तो क्षणभर थबकला. अध्यक्षा म्हणाल्या, "लावा, वेळ जातोय."

पहिली स्लाइड आली आणि लोक हसले. त्याच्या कंप्युटरला आपल्या भाषेची तीन अक्षरं ठाऊक नव्हती. जिथे जिथे ती होती तिथे रिकामे चौकोन. माझ्या गावाचं नाव म्हणजे चौकोन, अक्षर, चौकोन.  सगळं पाठ केलेलं त्या चौकोनांत गेलं.

शेवटच्या रांगेत बुरुल बसली होती. तिने दोन्ही तळवे खाली दाबून दाखवले: हळू.

मी पडद्याकडे पाठ केली आणि बोललो. फोटो शाबूत होते. झरा बावीस मेला, झरा काल. बादलीची गोष्ट सांगितली. मग आलेख. तो चित्र होता म्हणून वाचला.  चष्म्याच्या जाड काचांमागून रिनात गालिमोविच पुढे वाकला.

"तिथे मध्ये भोक कसलं?"

"त्या एकोणीस दिवसांचे आकडे खोटे आहेत, म्हणून काढले. बायको मरणाला टेकली होती. मी वर गेलो नाही. घरी बसून रोज एकच आकडा लिहिला."

कुणीतरी मागे खुर्ची सरकवली. मिर्लान उठला. त्याच्या हातात कागद होता, माझाच आलेख, जुना, सपाट रेघेचा, रेघेभोवती लाल गोल काढलेला.

"बघा! मी हेच दाखवणार होतो. हा माणूस खोट्या नोंदी करतो. आणि याच्या शब्दावर आपण मेळा बंद करायचा?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, तो जाम घेऊन का आला होता.

रिनातने हात पुढे करून तो कागद घेतला. पडद्याशेजारी धरला. 

"हा तुम्हाला कुणी दिला?"

"यांनीच."

"खरं?" रिनातने मला विचारलं.

"खरं. मीच दिला."

"म्हणजे यांनी हा कागद आज बाहेर काढायच्या आधीच तुम्ही ही जागा मोकळी केली होती?"

"आधीच. एक जूनला."

"बाकी सव्वीस वर्षांत असं आणखी कुठे आहे?"

"कुठेच नाही."

"मी कशावरून मानू?"

 शपथ घेतली असती तर हसले असते. "मानू नका," मी म्हणालो. "वर चला. मोजपट्टी तिथे आहे, झरा तिथे आहे. आकडा तुमच्या डोळ्यांनी वाचा."

अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं. निर्णय असा: रिनात वर जाऊन बघेल, तोवर मेळा आहे तसाच. खोट्या नोंदीची चौकशी वेगळी.

बाहेर आल्यावर बुरुलने पाण्याची बाटली दिली.  मी म्हणालो, वाटोळं केलं मी. ती म्हणाली, "सव्वाचौदा मिनिटं."

९ जून
रिनात आला. जाड माणूस, माझी घोडी वाटभर कुरकुरली. तळं २१८. त्याने स्वतः वाचलं, दोनदा. झऱ्याशी पोचलो तर पाणी शेळीच्या धारेइतकं. तो गुडघ्यांवर बसला, बांधाच्या दगडांना कान लावला. मीही लावला. आत कुठेतरी टप टप होत होतं आणि मधूनच बर्फ तडकल्याचा आवाज.

उतरताना फोनला रेंज आली तिथे घोडी थांबवून त्याने अध्यक्षांना फोन लावला. "मेळा दुसरीकडे. माळ रिकामा. या आठवड्यात नाही, उद्यापासून."

११ जून
दोन कागद एकाच दिवशी आले. एक माळ रिकामा करण्याचा हुकूम. दुसरा माझ्या बडतर्फीचा: नोंदींत खोटेपणा केल्याबद्दल, वह्या आणि झोपडीची किल्ली जमा करावी.

वह्या दिल्या. किल्ली सापडत नाही असं सांगितलं.

१४ जून
दहा घरं वर गेली. शिव्या देत गेली. मेळ्यात दूध, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा कुमिस, घोड्यावरून फेरी, असा प्रत्येकाने काही ना काही बेत केला होता. बातमाने मला रस्त्यात गाठलं. "तुझं तळं फुटलं नाही ना इशेनकुल, तर मी तुला त्यात बुडवीन."

पण तंबू तिनेच सोडला. मामबेत खालीच बसून होता, तिने त्याच्या डोक्यावरून नमदा ओढून काढला. चूल मात्र त्याने माळावरच ठेवली, आणि शिंगरं बांधायचा दोरही. रोज घोड्या तिथेच दोहायला नेतो. म्हणतो, चार दिवसांत सगळे परत खाली येणार, मी कशाला दोनदा ओझं वाहू.

१७ जून
आता मी कुणी नाही, तरी सकाळी वर गेलो. मोजपट्टी २४१. झरा बंद. थेंब नाही. दगड कोरडे, वर माशी बसलेली. 

घोडी इतकी पळवली नव्हती कधी. उतारावरच्या तंबूंपाशी बातमा भेटली. "मामबेत कुठे?"

"खाली. घोड्या दोहतोय."

माळावर तो एकटा होता, सहा घोड्या आणि शिंगरं. मी लांबूनच ओरडलो. त्याने हात हलवला, थांब, ही एवढी दोहतो.

"झरा बंद झालाय!"

"मग बरं झालं की! पाणी नाही तर कसला पूर?"

मी उतरलो, चाकू काढला आणि शिंगरांचा दोर कापला. तो चवताळून अंगावर आला. आम्ही साठीची दोन माणसं तिथे झोंबत होतो, आणि घोड्यांनी एकदम माना वर केल्या. सहाच्या सहा. मग उताराकडे धावत सुटल्या.

आवाज नंतर आला. त्याआधी वास आला, ओल्या मातीचा, तळघराचा. दरीच्या तोंडाशी धूळ उठली; पाण्याच्या पुढे धूळ का, हे कळायला वेळ लागला. ते पाणी नव्हतंच. दगड होते, चिखल होता, अख्खी झाडं होती, उभी चालत यावीत तशी.

मी मामबेतची कॉलर धरून ओढलं. तो वाकला, चुलीचं धुराडं उचललं आणि मग पळाला. का उचललं, त्यालाही सांगता येत नाही. लाल खडकावर चढलो तेव्हा त्याचा एक बूट गेला होता. पाय काढला आणि खाली चिखल भिडला.

वीस मिनिटं. मग माळ नव्हता. पूल नव्हता. जिथे मेळ्याचा मांडव घालणार होते तिथे घराएवढे दगड येऊन बसले. मामबेत धुराडं पोटाशी धरून उभा होता. त्याचे दात वाजत होते.

"मेळ्याची तारीख," तो म्हणाला. "काल सोळा होती."

 वरून बातमा त्याचं नाव घेऊन किंचाळत होती, थांबतच नव्हती. त्याने धुराडं वर करून हलवलं, तेव्हा थांबली.

माणूस एकही गेलं नाही. सात मेंढ्या, पूल, चूल.

२० जून
अध्यक्षांचा फोन आला. आभार मानले. बडतर्फीचं विचारलं, तर म्हणाल्या तो निर्णय वरून आहे, नियम आहे. असू दे. एकोणीस दिवसांची सही माझीच होती.

मग रिनातचा फोन. पूर्वेकडच्या दुसऱ्या दरीत असंच तळं आहे. तिथे मोजपट्टी नाही, मोजणारा नाही. वरून काढलेल्या फोटोत ते महिन्याभरात दुप्पट झालेलं दिसतं. खाली नऊ तंबू. हुकूम गेलाय, पण लोक हलत नाहीत. "तुमचं ऐकतील का, बघा. मला त्यांनी चहा पाजून परत पाठवलं."

बुरुल कंप्युटर घेऊन घरी आली. तीन वर्षांनी. बसायच्या आधी ताईच्या उशीवरची खोळ सरळ केली. सूप पातळ झालं होतं, पण दोन वाट्या प्यायली.

मी आलेखापासून सुरू करणार होतो. तेवढ्यात मामबेत आणि बातमा आले, बातमाच्या फोनवर वरच्या तंबूतल्या एका पोराने त्या दिवशी काढलेला फोटो: हललेला, धुरकट, खडकावर एक बूट घातलेला माणूस, हातात धुराडं, आणि त्याच्या पायाखाली काळं उकळतं सगळं.

"हा लाव पहिला," मामबेत म्हणाला. "आकड्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही. मी ठेवला का?"

"लोक हसतील तुला."

"हसू देत. मी येतो बरोबर. विचारतील तर सांगीन, हा गाढव मीच."

स्लाइड मीच केली. कोपरा धरून ताणली.

२६ जून
दुसऱ्या दरीत. सगळ्यात मोठ्या तंबूत आत पांढरी चादर टांगली, जनरेटर बाहेर. तीसेक माणसं दाटीवाटीने बसलेली. बरेचसे झऱ्याचं विचारायला नाही, प्रोजेक्टर बघायला आले होते.

मामबेतचा फोटो आला आणि तंबू हसला. एक बूट, धुराडं. मामबेत उठून चादरीशेजारी उभा राहिला, तोच चेहरा, तोच कोट. हसणं थांबलं. त्याने सांगितलं. मला वाटलं फुगवून सांगेल, पण त्याने फक्त दोहायला किती घोड्या होत्या ते सांगितलं, आणि त्या कशा धावल्या ते. मग मी त्यांच्या झऱ्याचा सकाळी काढलेला फोटो लावला. ओली रेघ दगडावर कुठवर होती आणि आता पाणी कुठे आहे.

पुढे आणखी सहा स्लाइड्स होत्या. आलेखही होता. त्या आधीच एक म्हातारी उठली. पुढच्या रांगेतली, काठी टेकत. प्रोजेक्टरच्या उजेडात आली, तिची सावली चादरीवर पडली.

"सरळ सांग. किती दिवस?"

"माहीत नाही, आजी. आमच्याकडे झरा बंद दिसला, त्यानंतर तासभरही मिळाला नाही."

तिने सुनेकडे बघितलं, मग पोरांकडे. मग काठीने जनरेटरकडे खूण केली.

"बंद कर ते. डिझेल कशाला जाळताय? चादर काढा, आणि या तंबूची दोरी आधी सोडा. मी बाहेर बसते."

बुरुलने कळ दाबली. मी आणि मामबेत दोरांना लागलो, मग दुसरे लागले. दिवस मावळायच्या आत नऊही तंबू वर गेले. तळहातांवर दोरीचे वळ उठलेत, पेन नीट धरवत नाही.